हाडावर कोरलेलं घर

मी, देबोरा टॅबर, वय त्रेपन्न, धंदा कॉर्सेट शिवण्याचा, राहणार न्यू बेडफर्ड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. छातीत पाणी झालंय, डोकं मात्र जागेवर आहे.

१. युनियन रस्त्यावरचे घर माझ्या सुईवर उभे राहिले. गावच्या बायकांना मुठीत मावेल एवढी कंबर हवी असे, आणि त्याला देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांवाचून दुसरे काही चालत नसे. त्यावरच माझी चूल पेटली. हे घर भाची फीबीला द्यावे. माझे पती आयझाया टॅबर यांचा त्यावर हक्क नाही. का, ते सांगते.

तो (यापुढे अहो-जाहो नाही) देवमासे मारणाऱ्या जहाजावर भालेकरी. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत त्याने माझ्यासाठी देवमाशाच्या हाडाची पट्टी कोरून आणली, कॉर्सेटमध्ये छातीपाशी उभी घालायची. ती मी रोज घातली. तो तीन-तीन वर्षे समुद्रावर असे, आणि मी इथे ताठ.

गेल्या शरदात फेअरहेवनची मर्सी गिफर्ड दुकानात आली. दुकानावर माझे माहेरचे नाव, त्यामुळे तिला काही कळायचे कारण नव्हते. नव्या कॉर्सेटमध्ये बसवायला तिनेही हाडाची पट्टी आणली होती. तिच्यावर माझे घर कोरलेले, वाकड्या धुराड्यासकट.

"हे कुठलं गं घर?" मी विचारले.

"भालेकरी आहेत ना, आयझाया टॅबर, ते बांधून देणार आहेत मला. बायको वारली हो त्यांची."

वारलेली बायको तोंडात टाचण्या धरून तिचे माप घेत होती. मी पट्टी नीट बसवून दिली, काम ते काम. पण त्या माणसाने माझा केसाने गळा कापला, हे इथे स्पष्ट लिहिते.

२. कात्र्या आणि शिल्लक पट्ट्याही फीबीला. आता पोलाद आलंय म्हणतात. गिऱ्हाईक वळलं तर तिने रडत बसू नये.

३. तळघरातले देवमाशाचे तेल शेजारी ओबेड चेस यांना मी जिवंतपणीच देऊन टाकले आहे, ते वाटणीत धरू नये. घासलेटाचा वास त्यांनाही सोसत नाही.

४. जूनमध्ये जहाज लागेल, तेव्हा आयझायाला त्याची हाडाची पट्टी परत द्यावी. दुसरे काही नाही.

५. मला कॉर्सेट न घालता पुरावे.

हे सर्व दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. मर्सीला मीच बोलावून घेतले. साक्षीदाराला कायद्याने काही मिळत नाही, तेव्हा घराची आशा तिनेही ठेवू नये.

न्यू बेडफर्ड, ९ मार्च १८६०
सही: देबोरा टॅबर

साक्षीदार:
ओबेड चेस, मेणबत्त्या करणारे
मर्सी गिफर्ड. मला हे आजच कळलं. कलम चारमध्ये माझीही पट्टी धरावी.