पातेल्याची चौकशी

प्रिय आबा,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी भांडण.

तुमच्या कादंबरीची छापायच्या आधीची शेवटची पानं माझ्यासमोर पडली आहेत आणि उद्या ती पुण्याला परत पाठवायची आहेत. प्रकाशक म्हणतात, पातेल्याचं प्रकरण काढून टाका. मी म्हणते, पातेलं काढलं तर मागं उरलं काय? आणि तुम्ही मात्र वर जाऊन निवांत बसलाय! सगळी नोकरी पलटणीच्या कचेरीत काढलीत, एक कागद कधी अर्धवट सोडला नाही, आणि स्वतःचं पुस्तक तेवढं माझ्या गळ्यात टाकून गेलात. शोभतं का हे?

आई म्हणते, लिही त्यांना पत्र, ऐकतील. तिला पत्रांचा अनुभव आहे. लग्नानंतर तुम्ही सीमेवरून पाठवलेलं पहिलं पत्र तिला अजून पाठ आहे. एक, मी खुशाल आहे. दोन, तूही खुशाल असशील असे गृहीत धरण्यात येत आहे. तीन, तुझी आठवण येते, माहितीस्तव सादर. "मला आधी वाटलं समन्सच आलंय," असं ती आल्यागेल्याला सांगते, आणि सांगताना लाजते सुद्धा! या वयात! बघायला हवं होतं तुम्ही.

घरात तरी काय वेगळं होतं? मला सहलीला जायचं असेल तर अर्ज. अर्जाला कारण. कारणाला आईची शिफारस. एकदा मी चिडून "अर्जदार उपाशी आहे" असं लिहून तुमच्या ताटाखाली ठेवलं, तर तुम्ही त्यावर "पाहिले" असा शेरा मारून पुढचा घास घेतलात. मी रागानं रडत होते आणि तुमचे खांदे हसून हलत होते. तेव्हा कळलं नाही. तुम्ही फौजेची नक्कल करत होता आणि आम्हाला वाटायचं, हा माणूस असाच आहे.

प्रकाशक वाईट नाहीत हो. फोनवर अगदी मऊ आवाजात विचारतात, "ताई, लढाईवर हसायचं असतं का?" मी त्यांना तुमचंच उत्तर दिलं. लढाईवर कोण हसतंय? गोळे पडत असताना पावती मागणाऱ्यावर हसतोय आम्ही. रडवणारी पुस्तकं वाचून लोक डोळे पुसतात आणि पुढच्या लढाईला टाळ्या वाजवायला मोकळे होतात. हसलेला माणूस निदान एकदा विचारतो, हे चाललंय काय? हे तुम्ही आपल्या कोल्हापूरच्या दूध-कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून सांगायचात, मिशीला फेस तसाच.

पण मग त्यांचा दुसरा प्रश्न आला. पातेल्याच्या प्रकरणातला दत्तू खरा माणूस आहे ना? त्याची बायको हयात आहे ना? तिला काय वाटेल?

आता बोला!

काल रात्री ते प्रकरण मी परत वाचलं. डोंगरावरची चौकी, बर्फ, आणि शत्रूचा गोळा थेट लंगरखान्यावर. गेलं काय, तर डाळीचं मोठं पातेलं आणि तुमच्या पलटणीतला आपला दत्तूकाका. दत्तूकाकाबद्दल वरून एका ओळीची तार येते. पातेल्याबद्दल मात्र तीन चौकशा! पहिली, पातेलं चुलीवर कुणाच्या हुकमानं चढलं? दुसरी, आत डाळ होती का? असल्यास ते नुकसान दुसऱ्या कचेरीचं, इथं का मांडलं? आणि तिसरी, गोळ्याची शिट्टी ऐकू येऊनही पातेलं आडोशाला का गेलं नाही? तिकडं पलीकडच्या डोंगरावर तुमच्यासारखाच एक कारकून, नाक पुसत, आपल्या वहीत लिहितोय: गोळा एक, खर्ची. परिणाम, पातेलं एक. माणसाचा रकानाच नाही त्याच्याकडं. मी हसत होते आणि मध्येच मला पानं बाजूला ठेवावी लागली. हेच तुम्हाला हवं होतं ना?

पण त्याच्या बायकोला, हौसाकाकीला, तुम्ही का नाही विचारलंत? दत्तूकाकाची ट्रंक घेऊन तुम्ही तिच्या दारात गेलात, आणि त्यानंतर तिच्या कोडोलीचा रस्ताच टाळलात. पाहुण्यांच्या लग्नालासुद्धा वळसा घालून जायचात. तोफेला भ्याला नाहीत आणि तिला भ्यालात?

म्हणून आज सकाळी मीच गेले. एकटीला गाठायचं, हळू आवाजात वाचायचं, नको म्हणाली तर प्रकरण काढायचं. ठरवून गेले. आणि बघते तर गावची म्हाई, जत्रेचं गावजेवण! घरोघरी मटणाचा वास, दारात मांडव, काकीच्या सोप्यात तीसेक माणसं पंगतीला टेकलेली. म्हाईच्या दिवशी कोल्हापूरची बाई न जेवता परत येणार? मला आधी पाटावर बसवलं, मग नाव विचारलं.

"शंकरभावजींची सुनंदा व्हय गं तू? अगं बाय माझे! त्या बाप्यानं तोंड लपवलं ते लपवलंच की!"

पिशवीतले कागद बघून काकी म्हणाली, काय हाय त्यात? मी म्हटलं, नंतर सांगते, तुम्हाला एकटीला. "एकटीला कशाला? दुसरी पंगत बसायला येळ हाय. वाच. समद्यास्नी ऐकू दे."

आबा, माझे हात रश्श्यानं माखलेले. धुतले, वाचलं. पहिल्या चौकशीला कोपऱ्यातले एक म्हातारे सुभेदार मांडीवर थाप मारून ओरडले, "आमच्यात बादली हुती! चौकशी संपली तवा बादलीवाला पेन्शनीत गेलता!" तिसऱ्या चौकशीला अख्खा सोपा फुटला. आचारी डाव हातात घेऊन दारात उभा. काकी मात्र हसेना. पदर तोंडाला लावून माझ्याकडं टक लावून बसलेली.

मग तो परिच्छेद आला, तुमचा एकुलता एक गंभीर परिच्छेद. 'दत्तू शांतपणे आभाळाकडे पाहत गेला. त्याच्या ओठांवर मातृभूमीचे नाव होते.'

"थांब," काकी म्हणाली. "कुणाच्या ओठावर?"

मी पान खाली घेतलं. मला वाटलं, संपलं.

"आमच्या मालकांच्या? अगं, झेंडावंदनाला सुदिक त्यांचं ध्यान जिलबीकडं असायचं!" आणि ती जी हसायला लागली, ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन म्हणाली, "साहेब, कारकून, पातेलं, समद्यांची उडवली आन् आमच्यालाच तेवढं देवळात बसवलं? का? त्यांनी काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, काकी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल.

"मग लंगरात काय करत हुते त्ये लिव की! त्ये तर बिनतारी यंत्रावरचं मानूस. न्हाय ना लिवलं? मला ठावं हाय. सुट्टीवर आले की सांगायचे, फौजेच्या डाळीला चव न्हाय, मग सगळ्यांची नजर चुकवून मी तुझी कांदा-लसणाची चटणी पातेल्यात टाकतो, पोरं बोटं चाटत्यात. चटणी मीच धाडायची. त्या दिशीबी त्येच टाकाय लंगरात गेलं असनार. तुझ्या आबाला वाटलं, ह्ये कळलं तर ही सोताला खाईल. खाल्लं की. लई वर्सं खाल्लं. चटणी कुटायची सोडली हुती मी. मग एक दिस वाटलं, गोळा कुनी टाकला? म्या? मी चटणी धाडली, बाबा."

आबा, तुम्ही तिला वाचवायला तोंड लपवलंत आणि ती हे एकटीच गिळत बसली. एकदा सोप्यात येऊन बसला असतात तर दोघांचंही ओझं हलकं झालं असतं. याचा मला खरंच राग आला. आणि तुमची आठवणही आली, माहितीस्तव नाही, नुसतीच आली.

निघताना काकीनं माझा हात धरला. "आणि एक चौकशी घाल. पातेल्यात चटणी कुनाच्या परवानगीनं गेली? खाली माझं नाव घाल. हौसाबाई. भिऊ नकोस." मग जरा थांबून म्हणाली, "आन् जाताना त्यांच्या तोंडाला चव हुती, येवढं लिव."

तर आबा, मातृभूमी मी काढली आहे. प्रकरण राहणार, चौथ्या चौकशीसकट, आणि प्रकाशकांनी कितीही मऊ आवाज काढला तरी राहणार. तुमच्या लिखाणात मी ढवळाढवळ करणार नाही असं तुम्हाला दवाखान्यात म्हटलं होतं, ते आज मोडते. आता नवीन वचन देते. पहिली प्रत घेऊन मी हौसाकाकीच्या सोप्यात जाईन, आणि त्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य तिच्यासमोर मोठ्यानं वाचीन: 'जाताना दत्तूच्या तोंडाला चव होती.'

तुमची,
सुनंदा