माझ्या नावावरचे चारशे बारा बदल

थंडर बे,
२६ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप हेल्मीताईस,

धाकटा भाऊ आर्वो याचा वाकून नमस्कार. (कमरेमुळे वाकणे अंशतःच जमते; उरलेले गृहीत धरावे.) तुझा गुडघा सडबरीच्या थंडीत काय म्हणतो आणि बर्टरावांचा खोकला कितपत उतरला, ते सविस्तर कळव. मागील पत्रात, यंदा कचेरीत सर्वांत अधिक काम मीच केले, असे मी तुला दोन पाने भरून लिहिले होते. ती दोन्ही पाने मागे घेण्यासाठी हे पत्र.

आमची कचेरी धान्याच्या कोठारांसाठी वजनाचे प्रोग्रॅम करते, हे तू जाणतेसच. कोणी त्यांत बदल नोंदवला की सर्वांना आपोआप मेल येते : अमक्याने अमुक दुरुस्ती केली. जूनपासून अशा प्रत्येक मेलमध्ये कर्ता म्हणून माझेच नाव येऊ लागले. वस्तुतः मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे काम कचेरीचे नियम लिहिण्याचे, प्रोग्रॅमला हात क्वचित. तरीही मी आक्षेप घेतला नाही. कामात बुडालेल्या माणसाला आपण काय काय केले याचे भान राहत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ओडेट शार्बोनो (आमच्यातील सर्वांत तरबेज बाई) एकदा म्हणालीही, "आर्वो, शनिवारी तू सौनात वाफ घेत होतास ना? मग माझं काम काय टॉवेल गुंडाळून केलंस?" मी हसलो. हसायला नको होते. कारण गेल्या सोमवारी आमचे साहेब ग्लेन यांनी त्याच मेल मोजल्या, ओडेटने चार महिन्यांत काहीच केले नाही असे ठरवले, आणि तिचा करार महिनाअखेर संपवण्याचे पत्र तिला दिले.

तेव्हा मात्र मी चौकशी हाती घेतली. प्रथम मेल पाठवणारी यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला कडक पत्र धाडले. त्याने एका ओळीत आपले निर्दोषत्व सिद्ध केले. मग माझा पासवर्ड चोरीस गेला असावा म्हणून तो दोनदा बदलला (आणि दुसऱ्यांदा विसरलो). अखेर बुधवारी ओडेटनेच मला आपल्या संगणकापुढे बसवले. बदलावर उमटणारे नाव ज्याने त्याने आपल्या संगणकात एकदाच लिहून ठेवलेले असते. ते खरे की खोटे, कोणी तपासत नाही. तिच्या संगणकात माझे नाव होते. शेजारच्याच्याही. जूनमध्ये नवे संगणक आले, तेव्हा ते कसे सज्ज करावेत याची अकरा पानी पुस्तिका मीच लिहिली होती. पान सातवर नमुन्यादाखल माझे नाव, आणि खाली जाड ठशात : 'वरील ओळी जशाच्या तशा, एकही अक्षर न बदलता लिहाव्यात.' बावीस वर्षांत या कचेरीने माझी एकही सूचना पाळलेली नाही. ही मात्र नऊच्या नऊ जणांनी पाळली.

तू आधी का बोलली नाहीस, असे मी विचारले. "तुझ्या सूचनेबद्दल विचारलं की तू आणखी एक पान लिहितोस," ती म्हणाली. "आणि परवा ग्लेनला सांगितलं, तर म्हणतो, आर्वोच्या पुस्तिकेत चूक असणं शक्य नाही."

पुढचे दोन दिवस मी प्रत्येकाला शेजारी बसवून चारशे बारा बदलांचे खरे धनी शोधले. एकशे नव्वद ओडेटचे निघाले. ती यादी ग्लेनपुढे मी स्वतः वाचली, चूक कोणाची हेही स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि तिचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला. माझे सहा निघाले. पैकी चार म्हणजे त्याच पुस्तिकेतील स्वल्पविराम. "पाच धर," ओडेट म्हणाली. "एक मी रद्द करून टाकला होता."

कळावे. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
आर्वो

ता. क. : यादी ऐकून झाल्यावर ग्लेनने, मी नेमके काय करतो, असे विचारले. उत्तर लेखी द्यायचे आहे. बर्टरावांच्या दुकानात खिळे आणि स्क्रू मापाप्रमाणे लावून ठेवणारा माणूस हवा आहे का?

आणखी ता. क. : पुस्तिका सुधारून सर्वांना पुन्हा वाटली. पान सातवरील माझे नाव काढून तेथे 'आपले नाव लिहावे' असे घातले. जाड ठशातील ओळ राहून गेली. आज दुपारपर्यंत 'आपले नाव लिहावे' यांनी चौदा बदल नोंदवले असून, ग्लेनला हे गृहस्थ फार पसंत पडले आहेत. बर्टरावांना आजच विचार.