राखेतला हात

चोरखमारा, ता. तिरोडा
शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

चि. गुंजनले आईचा आशीर्वाद. जवाईबापू स्वप्निलले नमस्कार. छकुलीच्या दोन्ही गालाले एक एक पापा. तुले हात लावाचा नसल तं स्वप्निलकडून देजो, पन त्याची मिशी टोचते म्हनून हळू.

इकडे सारं बरं हाय. हलका धान निसवून राहिला, लोंब्या दिसाले लागल्या. बाजूच्या नंदाबाईनं कवळी बसवली. आता हसताना तोंडावर पदर धरते, नव्या नवरीवानी. मी म्हनली, "नंदे, दात दाखवाचे नव्हते तं घेतले कायले?" तवापासून ती बोलत नाई. दोन दिवसानं येईल, चहापत्ती सरली का.

तू बी फोन उचलत नाईस. म्हनून हे पत्र. आनि खरं सांगू, फोनवर मले जमतही नाई. फोन कानाले लागला का माझ्या तोंडातून गंमतच निघते. कागदावर तोंड जरा आवरते. हा कागद हातात घ्याले भेव वाटत असल तं जवाईबापूले धराले सांग, तू दुरून वाच. माझं अक्षर म्हशीएवढं हाय.

स्वप्निल म्हने का तुझ्या बोटाच्या पेरातून अजून रगत येते. आनि छकुलीले तू कपडा गुंडाळल्याबिगर घेत नाईस. धानाच्या बांधीतल्या फवारनीचं औषध आपल्या हाताले लागून हाय आनि ते पोरीच्या पोटात जाईल, असं तुले वाटते. तुले बी मालूम हाय का हात साफ हायेत. तरी वाटतेच. तू हे गोंदियाच्या डॉक्टरीनबाईले सांगत होती तवा मी बाजूलेच बसून होती, लुगड्याचा काठ मोजत.

त्याच्या आंधीचं आंधी लिहितो.

धानाचा रोवना सरला त्या दिवशी तू शिदोरी घेऊन बांधीवर आली. शेवटच्या दिवशी बाया एकमेकीच्या तोंडाले चिखल फासतेत, तुले लहानपनापासून मालूम हाय. पन तोंडाले फासतेत. मी तुझे दोन्ही हात धरले आनि तळव्याले चिखल चोळला. म्हनली, "घे, आता धू बापा दिवसभर." साऱ्या हासल्या. तू हासली नाईस. मले वाटलं, एकदा मळले का भेव मोडते. घोड्याले पान्यात ढकलल्यावानी. तू बोरिंगवर गेली ते दिवस बुडेपावेतर तिथंच. छकुली भुकेनं रडत होती, तिले गाईचं दूध मीच पाजलं. आठ दिवसानं जवाईबापू आले आनि तुले सौंदडले आपल्या घरी घेऊन गेले. जाताना तू माझ्या पाया पडली नाईस. बरं केली.

नंदाबाई म्हनत होती का हे बाहेरचं हाय, बाळंतिनीले लागते, उतरवून टाका. मी नाई म्हनली नाई. हो बी म्हनली नाई. मनात म्हनली, बाहेरचं असतं तं बरं झालं असतं.

आता गोंदियाचं.

डॉक्टरीनबाईनं तुले इचारलं, "घरात अजून कोणाला असं काही आहे का? सारखं धुणं, सारखं तपासणं?" तू माझ्याकडे पाहिली. आनि मी काय म्हनली? "नाई बाई, आमच्या घरी तं सारेच मळके." डॉक्टरीनबाई हासली. तिनं कागदावर "नाही" लिहून टाकलं. तू आपल्या हाताकडे पाहत राहिली.

मी खोटं बोलली, गुंजन.

गाव मले इसरभोळी म्हनते. शकुंतला घरून निघाली का बटवा इसरते, चष्मा इसरते, अर्ध्या रस्त्यातून वापस जाते. मी आजवर कायबी इसरली नाई. बटवा कमरेलेच राहते. मी चूल पाहाले जातो.

इझली हाय हे दिसते. पानी टाकलं हेही याद राहते. पन दारातून निघाली का छातीत कोनी म्हनते, पाहिली का नीट? मंग डोळ्यावर भरोसा राहत नाई, राखेत हात घालून पाहा लागते. थंड लागली का बाहेर. पाच पावलं गेली का पुन्हा तेच. मागच्या साली माझा तळवा भाजला होता ना, वडे तळताना म्हनून सांगतलं ते? वडे नव्हते. राखेत निखारा होता.

तुझी दहावीची परीक्षा याद कर. मी तीन डाव चूल पाहाले घरी फिरली आनि तिरोड्याची गाडी सुटली. तुझ्या बाबानं तुले सायकलवर नेलं, अर्धा तास उशिरा पोचली. साऱ्याईले मी सांगतलं, पोरगीच हॉल तिकीट इसरली. बारा वर्सं तू ते ऐकून घेतली. तिकीट तुझ्या हातातच होतं.

तुझ्या बाबाले सारं मालूम होतं. रोज दारात उभे राहून म्हनत, "पाहिलो मी, इझली हाय, चल." तीस वर्सं. ते गेले तवा बाया म्हनल्या, शकुंतला मोठी धीराची, रडत नाई. माझ्या डोक्यात एकच होतं, आता चूल कोन पाहील.

तू रिक्षात बसली तवा मी "पिशवी इसरली" म्हनून वापस गेली ना, ती डॉक्टरीनबाईकडे गेली होती. इचारलं, हे कशानं होते बाई? ती म्हने, एका कारणाने होत नाही. काही घराण्यातून येतं, काही मेंदूची ठेवण असते, काही वेळा बाळंतपण किंवा मोठा धक्का त्याला जागं करतं. कोणाचा दोष नाही. मी म्हनली, एका बाईच्या लग्नाच्या साली धानाचे पुंजने, कापून रचलेले ढीग, जळाले, त्यानं होईल का? ती म्हने, आग पुष्कळ जण पाहतात, सगळ्यांना होत नाही. आणि रोज कोणी "ठीक आहे, ठीक आहे" म्हटलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आजार जात नाही. चिडवूनही जात नाही. औषध आहे, आणि न धुता, न तपासता थोडं थोडं थांबायची सवय लावता येते. मंग तिनं इचारलं, "ती बाई कोण?"

मी म्हनली, शेजारीन.

म्हंजे दोन डाव खोटं. एक तुझ्यासमोर, एक तुझ्यामागं. तुले वाटते का एवढ्या खानदानात तूच येडी निघाली. तू येडी नाईस, आनि एकटी तं नाईसच. माझ्यातून तुझ्यात किती आलं ते डॉक्टरीनबाईलेही सांगता येत नाई. पन तिचा कागद खोटा हाय, आनि तो मी खोटा केली.

येत्या गुरुवारी तुमची दवाखान्याची तारीख हाय. हे पत्र तिले वाचाले दे. मी बी येतो, गोंदियाच्या टेशनवर दहा वाजता उभी राहीन. तुले माझ्या बाजूले बसाचं नसल तं नको बसू, मी दुसऱ्या बाकावर बसतो. पन आतमंदी तिनं इचारलं तं या डावाले गंमत नाई करनार. माझे हात पुढं करीन. तू तुझे करजो. चिखलासाठी माफी मागत नाई, मागाची ती तिथंच मागीन, तुझ्या तोंडाकडे पाहून.

तुझ्यावानीच असलेली,
तुझी आई

ता. क. पाकीट लावून दोन डाव उघडून पाहिलं, तुझंच नाव हाय का म्हनून. आता गावातला बिसराम टपालात टाकाले नेनार हाय, त्याच्या हातातून मागून घेनार नाई. चूल आज चार डाव पाहिली. कालच्याहून एक कमी. हे खरं हाय.