पाहुण्याच्या गळ्यातला मफलर

जेद्दा, शनिवार, संध्याकाळ

आपला फुटबॉल क्लब लीग जिंकला म्हणून त्याच्या शहरातला जल्लोष बघायला देशाच्या दुसऱ्या टोकाच्या अबकैकहून एवढ्या लांब आलो. आणि केलं काय?

समुद्राकाठच्या गर्दीत कुणीतरी मागून गळ्यात कापड टाकून मला खसकन ओढलं. मी वळलो आणि बुक्की हाणली. थेट तोंडावर.

साठीचा माणूस. क्लबचा मफलर माझ्या गळ्यात घालून त्याला फोटो काढायचा होता. त्याचे दोन मुलगे माझ्यावर तुटून पडले. लाथा बसल्या, त्या मला हव्याच होत्या बहुतेक. "खलास," म्हणजे बस झालं, असं म्हातारा ओरडला तेव्हा थांबले.

सलीम, मूळचा दापोलीचा माझा इथला मित्र, एवढंच म्हणाला, "पाहुणा म्हणून घातला रे त्यांनी."

आठ वर्षं झाली या देशात. तरी गळा आवळतायत असंच का वाटलं?

मारामारीत माझा इकामा, इथं राहायच्या परवान्याचं कार्ड, रस्त्यावर पडला. म्हाताऱ्यानेच तो उचलून माझ्या खिशात ठेवला, वरून खिसा थोपटला. मफलर समोर खुर्चीवर आहे, त्यावरचं रक्त त्याचं. ते त्याच्या तोंडातून गळत होतं तेव्हा मी इकामा आहे ना म्हणून खिसा चाचपत होतो.