भिंगरीचे एक्केचाळीस दोष

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

आली! दहा महिने उशिरा, पण आली एकदाची. कुरिअरवाल्याने चारदा फोन केला, "मॅडम, लोकेशन भेजो, लोकेशन!" आणि चौथ्यांदा पाठवल्यावर शेजारच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिला. शेवटी मीच पळत गेले, घरातल्या गाऊनवर अबाया चढवून.

खोक्यावर झकास देवनागरीत छापलंय — भिंगरी. हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. माझ्या धाकट्या भावाने, यज्ञेशने, पुण्यात दोन मित्रांबरोबर बनवलाय. इंटरनेटवर लोकांकडून आधी पैसे गोळा करायचे, मग वस्तू बनवायची, असा प्रकार. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळात मी माइक हातात घेऊन सांगितलं, "माझा सख्खा भाऊ आहे. मी सांगते, बिनधास्त घ्या." बावीस घरांनी घेतला. तेव्हापासून प्रत्येक हळदीकुंकवाला एकच प्रश्न, "काय हो श्यामलाताई, भिंगरी कुठवर आली?" आणि वर दात काढायचे!

पहिल्या खेपेत रियाधला एकच नग आला, माझा. बाकीच्यांना ऑक्टोबरातल्या पैशांच्या दुसऱ्या फेरीनंतर. ती फेरी भरली तर कारखाना चालू. नाही भरली तर यज्ञेशची तीन वर्षं पाण्यात.

१३ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर तपासत बसले. सवयच ती! अठरा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले दोष काढून पोट भरतेय, त्यातली नऊ इथल्या बँकेत. डावं बटण अडकतं. पडद्याच्या कोपऱ्यात निळी रेघ. आवाज मोठा केला की करकर. चार्जिंगच्या भोकावरचं झाकण सैल.

आर्या म्हणाली, "मम्मा, इट्स ॲक्चुअली फन. तू उसको हिला क्यूँ रही है?" मग माझ्या हातातून काढून घेऊन तीन तास खेळली. जेवायला चार हाका. मी वहीत लिहिलं — सलग तीन तास, बॅटरी ३१ टक्के शिल्लक, मागची बाजू कोमट. पोरगी हसत होती ते नाही लिहिलं. तो रकानाच नसतो आमच्याकडे.

१६ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरची सुखदा येऊन गेली. तिलाही घ्यायचाय, तिच्या यादीत अजून माहेरची दोन नावं. "तू तपास गं नीट. तू म्हणशील ते खरं." या गावात माझी मैत्रीण अशी ती एकच. मला डेंग्यू झाला तेव्हा अकरा दिवस आमच्या तिघांचा डबा तिच्याकडून वर यायचा.

१८ सप्टेंबर

यादी पूर्ण. एक्केचाळीस.

ऑफिसात आकिबला दाखवली. माझ्याच टीममधला, लखनौचा. त्याचे डोळे चमकले. "फर्स्ट बिल्ड में सिर्फ इकतालीस? मिठाई खिलाइए मॅडम!" खरंच आहे ते. आमच्या बँकेच्या ॲपच्या पहिल्या बिल्डला, म्हणजे पहिल्या चालत्या आवृत्तीला, तीनशे बारा निघाले होते, आणि आम्ही त्या दिवशी केक कापला होता. पुण्यात तीन पोरांनी भाड्याच्या गाळ्यात बसून बनवलेल्या वस्तूत फक्त एक्केचाळीस, आणि त्यातला जीवघेणा एकही नाही! मला भावाचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी यादी यज्ञेशला पाठवली. त्याचं उत्तर — "बरं." इतकंच. दमला असेल.

मग तीच मंडळाच्या ग्रुपवर टाकली. लोकांनी माझ्या शब्दावर पैसे दिलेत, त्यांना खरं कळायलाच हवं. माझा नवरा, श्रीपाद, चहा घेता घेता म्हणाला, "वर दोन ओळी चांगल्या लिही ना." मी म्हटलं, "जे चालतं ते लिहायची पद्धत नाही. लिहिलं नाही म्हणजे चालतंय, असं धरतात." "ते तुमच्या हापिसात," तो म्हणाला. भावाचं कौतुक करत सुटले असते तर हेच लोक म्हणाले असते, बहीणच ती! म्हणून जशीच्या तशी टाकली. खाली नेहमीसारखं — तपासणी : श्यामला.

२० सप्टेंबर

बोंबला!

"एक्केचाळीस???" "म्हणजे शुद्ध फसवणूक की हो." हे बाळकृष्णकाका, ज्यांना टीव्हीचा रिमोट नातू लावून देतो. मनीषला पैसे परत हवेत. मी लिहिलं, अहो, पहिल्या खेपेला एक्केचाळीस म्हणजे फार कमी! त्यावर कुणीतरी पोट धरून हसणारी तीन तोंडं टाकली.

दुपारी सुखदाच्या नवऱ्याचा, विपुलचा फोन. "वहिनी, ही यादी नाशिकला माझ्या भावाला पाठवू का? त्यानेही भिंगरीत पैसे घातलेत." मी म्हटलं, अजिबात नको. "बरं बरं," म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण! दुसरं काय.

२३ सप्टेंबर

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. आमच्या अख्ख्या मलाझ भागात हिरवे झेंडे आणि गाड्यांचे भोंगे. पोरं गाड्यांच्या खिडक्यांतून बाहेर लोंबकळतायत.

आणि यादी भिंगरीच्या पानावर! जिथे जगभरचे लोक पैसे घालतात, तिथेच. माझ्या नावासकट. वर ओळ — 'बनवणाऱ्याची सख्खी बहीण, पेशाने टेस्टर, काय म्हणते ते वाचा.' टाकणाऱ्याचं नाव खोटं, उगाच आकडे-अक्षरं. खाली चारशे शिव्या. तामीळ, बंगाली, इंग्रजी.

यज्ञेश फोन उचलत नाही.

बाहेर कुणी दिली? मंडळाच्या ग्रुपवरच्याच कुणीतरी. आणि विचारलं होतं एकानेच.

२५ सप्टेंबर

जिन्यातच गाठलं दोघांना. विपुल म्हणाला, "वहिनी, आईशपथ, मी नाही टाकली." कान लाल झाले होते त्याचे. मी म्हटलं, खाई त्याला खवखवे. तो आणखी चिडला. चिडला म्हणजे तोच!

सुखदा मध्ये पडली. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच गोड करून आठवायला नको. मी म्हटलं, "दिवसभर घरात रिकाम्या बसलेल्या बायकांना दुसऱ्याचं जळताना बघायला बरं वाटतं." हे सुखदाला. जिने तिकडची बारा वर्षांची शाळेतली नोकरी सोडली, आणि इथे कागदपत्रांत अडकून तिला एक वर्ग मिळाला नाही.

ती ओरडली नाही. "तुला माणसातलंही बिघडलेलंच तेवढं दिसतं गं," एवढंच म्हणाली आणि हातातली भाजीची पिशवी सावरत खाली गेली.

बोलू दे. माझ्या भावाचा गळा कापलाय तिच्या नवऱ्याने.

२ ऑक्टोबर

यज्ञेशचा फोन आला. आवाज एकदम शांत. "दुसरी फेरी नाही होत ताई. बंद करतोय. लोकांना तसं कळवलंय." मी माफी मागितली. तीनदा. तो म्हणाला, "असू दे गं."

नंतर आई. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास. काय मिळवलंस?" दुपारच्या नमाजला ऑफिस रिकामं झालं तेव्हा पँट्रीत जाऊन रडून घेतलं. आकिब परत आला तर मी फ्रीजमध्ये डोकं घालून उभी. दार हळूच ओढून घेऊन गेला. भला माणूस.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज नीट लिहिलं. जे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं ते! बटणांची जागा अचूक. उन्हातही पडदा दिसतो, आणि रियाधच्या उन्हात दिसला म्हणजे कुठेही दिसेल. आर्याच्या हातून दोनदा पडला, ओरखडासुद्धा नाही. डावं बटण आर्याच्या महिनाभराच्या खेळण्याने आपोआप मोकळं झालंय, म्हणजे तो दोष मी घाईने लिहिला. नव्या वस्तूला नव्या वस्तूचं माप लावायचं असतं. दुकानातल्या दहाव्या आवृत्तीचं लावायचं नसतं. दोन पानं झाली. भिंगरीच्या पानावर टाकली, ग्रुपवरही टाकली.

वाचली तिघांनी. एकाने अंगठा दिला.

वरातीमागून घोडं.

१४ ऑक्टोबर

विपुलचं काँट्रॅक्ट संपलं म्हणे. हॉस्पिटलने वाढवलं नाही. फायनल एग्झिट, कायमचे परत चाललेत. सात वर्षं होते.

बरं झालं, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मंडळाने त्यांना निरोपाचं जेवण दिलं. श्रीपाद आणि आर्या गेले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. परत आल्यावर श्रीपादला विचारलं, माझं काही विचारलं का तिने? "नाही," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांचं विचारत होती."

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. दरवर्षी फोन टेबलावर उभा करून त्यातल्या यज्ञेशला ओवाळते. आज तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, नंतर." तबक तसंच राहिलं. तेल संपलं, दिवा विझला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून खालून खोकी बांधायचा चर्र चर्र आवाज. एकदा मनात आलं, जावं. एवढं घर आवरायचं म्हणजे चेष्टा नाही, आणि ती एकटी. दारापर्यंत गेले. मग यज्ञेश डोळ्यांसमोर आला आणि परत फिरले.

साडेचारला टॅक्सी. पाच बॅगा. मी पडद्याआडून बघितलं. सुखदाने वर बघितलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

यज्ञेशचा मेसेज : 'ताई, तू त्या शेजाऱ्यांशी भांडलीस असं आईकडून कालच कळलं, म्हणून सांगतो. यादी पानावर मीच टाकली होती. कारखान्याने ऑगस्टमध्येच हात वर केले होते. मी आपणहून बंद केलं असतं तर लोकांनी मला सोडलं नसतं. तुझ्या नावावर विश्वास ठेवतात लोक. रागावू नकोस.'

सुखदाला फोन लावला. लागतो आणि लगेच तुटतो. चार वेळा. मग श्रीपादच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "बोला ना भावजी!" किती खुशीत होती. मागे कुकरची शिट्टी.

मी फोन कानाशी दाबून धरला. ती दोनदा "हॅलो" म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही, पण फोनही ठेवला नाही.