काटा बरोबर आहे

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनातच बरं का. इथल्या पलंगाची गादी मधोमध विहिरीसारखी खोल गेली आहे, त्यामुळे माझी कंबर धरली आहे. खरोखरचा साष्टांग घातला तर उठवायला कुणीतरी लागेल, आणि ते कुणीतरी मला हात देईल की नाही याची कालपर्यंत खात्री नव्हती.) तुमचा गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला गेला का? मागच्या पत्रात त्यांनी खोकला गेल्याचं कळवलं होतं आणि त्याच पत्राच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात ‘गेलेला नाही’ असं लिहिलं होतं. आम्ही अर्थातच तुमचं खरं धरलं. आम्ही दोघं खुशाल आहोत. निदान आज सकाळपासून तरी आहोत. मधले जे काही तास नव्हतो त्यांची हकिगत तुमच्या कानावर कधी ना कधी जाणारच, आणि सांगणारी तुमची सख्खी धाकटी बहीण असणार, तेव्हा माझी बाजू आधी पोचावी म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या भटकंतीबद्दल तुमचं मत मला ठाऊक आहे. लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात, आणि आम्ही म्हणे जिथे बघण्यासारखं काहीच नाही तिथे मुद्दाम तिकीट काढून जातो. पण त्यात तुमच्या बहिणीचाच पुढाकार आहे हो! मी निवृत्त झालो त्याच दिवशी तिने सांगून टाकलं, की जिथे रांग लावावी लागते तिथे मी येणार नाही. आता जिथे रांग नाही ती ठिकाणं तशीच असणार. शिवाय ठरलेलं आहे, की एक ठिकाण तिच्या पसंतीचं आणि एक माझ्या. या खेपेला तिने पहिल्यांदा बटणांचं घर निवडलं. एका म्हाताऱ्या शिंप्याने जन्मभर साठवलेली बटणं घराच्या भिंतींवर चिकटवून ठेवली आहेत, अगदी मोरीतसुद्धा. कुठलं बटण कुणाच्या सदऱ्याचं आणि तो माणूस उसवलेल्या खिशातून काय काय पाडायचा, हे तो एकेक करून सांगतो. माझ्या कोटाचं एक बटण तुटलेलं बघून त्याला इतकं वाईट वाटलं, की भिंतीवरचं एक काढून त्याने तिथल्या तिथे शिवून दिलं. पण मग ती प्रदर्शनातली वस्तू ठरली! ती बघायला मिळावी म्हणून त्याने मला दारात उभं करून ठेवलं. (बघायला आलं ते एक कुत्रं. त्याने बटण सोडून बाकीचा मी हुंगला.) त्यानंतर आम्ही नदी नसलेला पूल बघितला. नदीने कधीकाळी वाट बदलली, पूल आपला शेतात उभा, खाली शेळ्या चरताहेत आणि वर एक सरकारी माणूस कठड्याला इमानेइतबारे रंग देतोय. तुमची बहीण पुलाच्या मधोमध वाकून म्हणाली, यंदा पाणी जरा कमीच आहे. रंगवाल्याने मान डोलावली. मग जी हसत सुटली, ती संध्याकाळपर्यंत अधूनमधून हसतच होती. इतकी खुशीत मी तिला फार दिवसांनी बघितलं. तिथेच थांबून परत फिरलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण पुढची पाळी माझी होती, आणि मी निवडलं होतं वजनकाट्यांचं संग्रहालय. ज्या माणसाची सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून गेली, त्याने सुट्टीत काटे बघायला जावं म्हणजे हलवायाने सणाला मिठाई विकत आणावी तशातला प्रकार, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या बहिणीने ते म्हणून झालं आहे. तरी आली. एका जुन्या गोदामात, पत्र्याच्या छपराखाली, सोनं तोलायच्या चिमुकल्या तराजूपासून घोडे तोलायच्या फळीपर्यंत सगळं मांडलेलं. तान्ह्या मुलांचा वेताच्या टोपलीचा काटा, टपालाचा काटा, कापसाच्या गासड्यांचा काटा. दाखवणारे गृहस्थ किडकिडीत, गळ्यात लाल टाय. उपवर मुली दाखवाव्यात तसे काटे दाखवत होते. हा शांत आहे, हा जरा चटकन हलतो, पण मनाचा खरा. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. (धूळही होती.) मी खिशातलं माझं वजन काढून त्यांना दाखवलं. तुम्ही बघितलंय ते, एक किलोचं, पितळी, निरोपाच्या वेळी खात्याने दिलेलं. मी ते बाहेर पडताना खिशात टाकतोच. त्यामुळे माझे सगळे कोट एका बाजूला लोंबतात आणि तुमची बहीण त्यावरून मला काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

कोपऱ्यात एक धान्याची पोती तोलायचा मोठा काटा होता, वर परातीएवढी तबकडी. पाहुण्यांनी हौस म्हणून त्यावर उभं राहावं अशी परवानगी होती. नेमकी त्याच वेळी सहलीला आलेल्या लोकांची एक मोठी टोळी आत शिरली. दोघंचौघं उभे राहिले, हसले, उतरले. मग तुमची बहीण म्हणाली, मीही बघते. चढली. तबकडी उंच आणि चष्मा पिशवीत. तिने वळून मला विचारलं, किती?

ताई, इथे माझी बाजू नीट समजून घ्या. आमच्या खात्यात निरीक्षकाने आकडा वाचायचा तो मोठ्याने, स्पष्ट, आणि दोनदा, म्हणजे अंगणाच्या पलीकडे बसलेल्या कारकुनाला तो लिहून घेता येतो. नोकरीभर मी दुसऱ्या कुठल्या रीतीने वजन वाचलेलंच नाही. जित्याची खोड म्हणतात ती ही. मी वाचला. मोठ्याने, स्पष्ट, दोनदा. तिसऱ्यांदा तो पत्र्याने वाचला. (आकडा इथे देत नाही. मला अजून जगायचं आहे.) टोळीतल्या एका बाईने तर टाळी वाजवली, कशाबद्दल ते तिचं तिला माहीत.

आणि तरीही, ताई, सगळं सावरलं असतं. तुमची बहीण शांतपणे म्हणाली, काटा बिघडलेला दिसतोय. दुसरा कुठलाही नवरा ‘हो, दिसतोय खरा’ म्हणून मोकळा झाला असता. लाल टायवाले गृहस्थ अविवाहित आहेत, पण तेसुद्धा जीव की प्राण असलेल्या त्या काट्याची बाजू न घेता जमिनीकडे बघत राहिले. मी मात्र तिला खाली उतरायला सांगितलं, खिशातलं वजन फळीवर ठेवलं, तबकडीचा काटा तंतोतंत एकावर आला, आणि मी सगळ्या लोकांकडे वळून जाहीर केलं, ‘काटा बरोबर आहे!’ वर इतक्या आनंदाने केलं, की मला स्वतःलाच नंतर लाज वाटली. तुमच्या बहिणीने पिशवी उचलली आणि चालायला लागली. रागात छत्री तिथेच विसरली.

त्यानंतर आमच्याशी अबोला. आम्ही ज्या घरात उतरलो आहोत तिथल्या मालकीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांना दुसऱ्याच्या संसारात फार रस. तुमच्या बहिणीने त्यांनाच मध्यस्थ नेमलं. रात्रीच्या जेवणाला मी तिच्या समोर बसलेलो, मधे फक्त सूपचं भांडं, आणि तिचं चाललेलं, यांना सांगा मीठ इकडे करा. बाई मला सांगायच्या, मीठ तिकडे करा. मी म्हणायचो, घे ना. बाई तिला सांगायच्या, घे म्हणतायत, आवाजात पश्चात्ताप वाटतो. (अशी टिप्पणी त्या प्रत्येक वाक्याला जोडत होत्या. अंड्यांच्या वेळी तर ‘हे मनापासून नाही’ असंही म्हणाल्या.) आणि मग पाव वाढता वाढता बाईंनी मुख्य निरोप दिला. उद्या सकाळच्या बसने त्या एकट्या मोठ्या बहिणीकडे जाणार आहेत, पुढचं सगळं रद्द, आणि यापुढे तुम्हाला कुठे जायचं असेल तर एकट्याने जा.

खरं सांगतो ताई, मी हातातला पाव तसाच ताटात ठेवला. पुढे आम्ही एक तिरपं घर बघणार होतो, ते काही पळून जात नाही. पण तिच्याशिवाय मी बघायचं काय? पुलावर मी एकटा गेलो असतो तर मला नुसता पूल दिसला असता. ही सगळी ठिकाणं रद्दीच्या भावाची आहेत हे मलाही कळतं. ती शेजारी उभी राहून काहीतरी बोलते आणि मग ती बघण्यासारखी होतात. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, डोक्यावर बसेल.

सकाळी तिने बॅग भरली. बस सुटते ती संग्रहालयाच्या समोरूनच, आणि छत्री तर आणायलाच हवी होती, त्यामुळे ती आत आली. मी आधीच जाऊन उभा होतो. कालच्यातलेही बरेच लोक होते, पावसाने अडकलेले. मी काट्याजवळ गेलो. खिशातलं वजन ठेवलं. काटा एकावर आला, जराही इकडे नाही की तिकडे नाही. आणि मी म्हणालो, ‘काटा खोटा आहे!’ दोनदा म्हणालो. ताई, ज्यांचे काटे खरोखर खोटे होते अशा किती व्यापाऱ्यांनी माझ्यासमोर हात जोडले असतील, पण मी कधी शब्द फिरवला नाही. मापात पाप म्हणून ज्याच्यावर आयुष्यभर डोळे वटारले, ते मी उजळ माथ्याने करत होतो. कुणीतरी विचारलं, कितीने खोटा? हा विचार मी केलाच नव्हता. म्हणालो, पाच किलो जास्त दाखवतो. तुमच्या बहिणीकडे बघितलं. तिची एक भुवई किंचित वर गेली. म्हणालो, सात.

पुढे जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. काल वजन करून खट्टू झालेले सगळे पुन्हा काट्याकडे धावले. एकेक जण चढायचा, आकडा वाचायचा, त्यातून सात वजा करायचा आणि तरंगत उतरायचा. कालची टाळीवाली बाई तीनदा चढली. संग्रहालयाच्या इतिहासात पहिल्यांदा रांग लागली. (म्हणजे आता तुमची बहीण तिथे पुन्हा येणार नाही, नियम म्हणजे नियम.) लाल टायवाले मात्र भिंतीला टेकून बसले होते. पोटच्या पोरीवर कुणी भलता आळ घ्यावा तसा त्यांचा चेहरा. मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी लागून खरं ते सांगितलं, आणि माझं पितळी वजन त्यांच्या हातात ठेवलं, कायमचं. म्हणालो, आम्ही गेलो की सगळ्यांदेखत यावर काटा तपासा, त्याचं नाव पुन्हा स्वच्छ होईल. त्यांनी ते टायने पुसलं आणि खिशात टाकलं. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘छत्री धरा जरा, मला बॅगेचा पट्टा बसवायचाय.’ मालकीणबाईंमार्फत नाही, थेट मला. बस समोर उभी होती. ती निघून गेली तरी आमचा पट्टा काही बसेना.

तर अशी हकिगत. आज तिरपं घर बघितलं. आत सगळं सरळ आहे, फक्त आपण पडतो. येत्या शनिवारी आम्ही दोघं मिळून तुमच्याकडे येतोय. साडूभाऊंना नमस्कार, आणि त्यांच्या खोकल्याला आमच्याकडून निरोप द्या.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. एक काम विसरलो. तुमच्या न्हाणीघरात दाराआड वजनाचा काटा असतो. तो बिनचूक आहे, मागच्या खेपेला मीच तपासला होता. तुमची बहीण तुमच्याकडे आली की पहिल्यांदा त्यावर उभी राहते. त्याच्या खालच्या बाजूला एक छोटा स्क्रू आहे. तो शनिवारच्या आत डावीकडे फिरवून ठेवा, सात किलो कमी दाखवेल इतका. साडूभाऊंना सांगू नका. हे पत्र वाचून झालं की फाडून टाका.

ता. क. २ (हे मी लिहितेय.) ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि वर म्हणाले, वाचू नकोस. तेव्हा वाचलं. काटा बरोबर होता हे मला तो पहिला आकडा ऐकला तेव्हाच कळलं होतं. माझं वजन मला माहीत नाही होय? पण सगळ्या लोकांसमोर हा माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते. लग्नानंतर इतकं गोड मला कुणी काही म्हटलेलं नाही. बस मी मुद्दामच सोडली. तू स्क्रू फिरव, पण उजवीकडे, आणि चांगला हात सैल सोडून. शनिवारी मी काही त्यावर उभी राहणार नाही, यांनाच उभं करणार आहे. आता खिशात वजनही नाही. काटा खोटा आहे म्हणायला किती वेळ लावतात बघू.