पाखरांना गूळ-पाणी

शनिवार, १५ जुलै २००६. ॲरिझोना, डोंगरातली केबिन

पाखरांच्या फीडरमधलं ते तपकिरी पाणी डोळ्यांसमोरून जात नाहीये. आईला पक्षी दाखवायला टेक्सासहून इथवर आणलं, आणि बरोबर ऑफिसही आणलं. सकाळी तिने विचारलं, "उन्हातून येतात रे बिचारे. गूळ-पाणी ठेवू का?" मी लॅपटॉपमध्ये. "हो हो, ठेव ना." ऐकलं तरी होतं का मी?

दुपारी केबिनची मालकीण आली. म्हणाली, हे निळ्या गळ्याचे हमिंगबर्ड माउंटन-जेम गटातले. यातल्या बहुतेक जाती मेक्सिकोकडे, इथे मोजक्याच येतात. त्यांना साधी पांढरी साखरच चालते, गुळाने आजारी पडतात. आणि मी काय बोललो? "सॉरी, माझ्या मदरने केलं. तिला कळत नाही." इंग्लिशमध्ये, आईसमोर! आईला 'मदर' तेवढं कळलं. तिने त्या बाईपुढे हात जोडले. मी परत लॅपटॉप उघडला.

मग ते तपकिरी पाणी ओतून आई फीडर घासत बसली. फक्त विचारलं, "जे प्यायले, ते मरतील का रे?"

मी पुन्हा मान वर न करताच म्हणालो, "नाही गं, काही होत नाही."